दीपमाळेवरची रेघ

दसऱ्याला सौरभसाहेबांनी नावेची पूजा केली आणि नारळ फोडून झाल्यावर खोक्यातून एक काळा डबा बाहेर काढला. डबा ताटाएवढा, तोंडाला काच. तो त्यांनी सुकाणूच्या चाकाच्या वर बसवला, चाकाला खालून एक छोटी मोटर जोडली आणि हात झटकत म्हणाले, "काका, आता ही नाव स्वतःच्या स्वतः चालणार. तुम्ही फक्त बसायचं."

विश्राम हसला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी काही सांगावं आणि त्यानं हसून घ्यावं, ही त्याची जुनी रीत. बाराव्या वर्षी तो बापाच्या मागं तरीवर आला, तेव्हापासून मुळशीच्या या पाण्यावर त्यानं चाळीस वर्षं काढली होती. आधी लाकडी होडी होती. ती कुजली, आणि धामणवाडीच्या लोकांना पौडला जायला डोंगराचा तीन तासांचा वळसा उरला. मग साहेब आले. रस्त्याकडच्या काठावर त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, पांढरी फायबरची नाव आणली. धक्क्याला गावानं जागा दिली, त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ गावकऱ्यांना फुकट ने-आण करायची असं ठरलं. विश्राम चाकावर बसला आणि पुढं नाळेवर, नावेच्या टोकाशी, बांबू घेऊन त्याचा मेव्हणा कोंडिबा. विश्रामच्या घरची चूल या नावेवर पेटत होती आणि कोंडिबाच्या घरचीही.

"आज तुम्ही नेहमीसारखी चालवा," साहेब म्हणाले. "हा बघत राहील. एकदा रस्ता पाहिला की विसरायचा नाही."

"माणसापरीस बरा मंग," कोंडिबा नाळेवरून म्हणाला.

विश्रामनं नाव काढली. एक गोष्ट त्यानं साहेबांना सांगितली नव्हती, कोंडिबाला सांगितली नव्हती, बायकोला, रत्नाबाईलाही नाही. त्याला लांबचं दिसत नव्हतं. जवळचं लख्ख दिसायचं, रत्नाबाईला सुई ओवून द्यायचा तो. पण नाव पाण्यात शिरली की पलीकडचा काठ म्हणजे नुसता हिरवट-काळा पट्टा. पहिल्यांदा खिंडीतलं झाड गेलं, मग वठलेला साग, मग देवराईचा कडा. या खुणा एकमेकींच्या रेघेत आल्या की नाव कुठं वळवायची हे तरीवाल्याला कळतं. त्याच गेल्या. पौडच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, अजून कच्चा आहे, पिकला की काढू, मग महिनाभर घरी बसायचं. महिनाभर घरी बसलेल्या माणसाला साहेब परत बोलावतील याची हमी डॉक्टरनं थोडीच दिली होती! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून विश्रामनं शिबिराचा कागद फाडून पाण्यात सोडला.

"खिंड उघडली बगा," कोंडिबा पुढून म्हणाला. जरा वेळानं, "साग आला." मग, "कडा दिसाय लागला."

ही कोंडिबाची अलीकडची खोड. जाता-येता पोपटासारखं बोलत राहायचं.

"गप की रं," विश्राम खेकसला. "मला काय दिसत न्हाई व्हय?"

अर्ध्या पाण्यात आल्यावर त्यानं इंजिन बारीक केलं. खाली जुनी धामणवाडी होती. आज्याच्या काळात धरण बांधलं तेव्हा घरं, शेतं, देवीचं देऊळ आणि देवळापुढची दगडी दीपमाळ, सगळं पाण्यात गेलं. धरण भरलेलं असताना तरीवाल्यानं दीपमाळेच्या बरोब्बर डोक्यावरून जायचं, क्षणभर थांबून नमस्कार करायचा आणि मग पुढं. आजा तसा गेला, बाप तसा गेला. विश्रामनं कपाळाला हात लावला. कोंडिबानं कमरेच्या पुडीतलं चिमूटभर कुंकू पाण्यावर सोडलं.

डब्याच्या काचेवर नावेच्या वाटेची काळी रेघ सरकत होती. साहेब वाकून पाहत होते. "इथं काय आहे?"

"आमची देवी हाय खाली. पाणी हाय तवर तिच्यावरनंच जायाचं."

"आणि पाणी उतरल्यावर?"

"मंग वळसा. चैतापास्नं दीपमाळ वर येती. देवराईच्या अंगानं जायाचं."

"मग तेव्हा मला फोन करा. नवा रस्ता शिकवू याला. पाच मिनिटांचं काम आहे." साहेबांनी डब्यावर थाप मारली. "तळ मोजणारा वेगळा डबा मिळतो. तो पुढच्या वर्षी बसवू."

दिवाळीनंतर साहेबांनी विश्रामला खोलीवर बोलावलं. चहा दिला. कपबशी खऱ्या चिनी मातीची होती, म्हणजे काहीतरी अवघड बोलणं होतं.

"काका, यंत्र चांगलं चाललंय ना?"

"झ्याक चाललंय."

"मग मला सांगा, पुढं दुसऱ्या माणसाची गरज आहे? कोंडिबा दिवसभर नुसता बांबू घेऊन बसतो. माणूस चांगला आहे, पण काम काय त्याला?"

विश्रामनं बशीत चहा ओतला. आता 'गरज हाय' एवढं म्हणायचं होतं. साहेब अडेल माणूस नव्हता, त्यानं ऐकलंही असतं. पण कोंडिबाची नजर घारीची होती, आणि त्या नजरेपासून लपत जगायचा विश्रामला वीट आला होता. समोरून कोणी आलं की ओळखीचं नाटक करायचं, आधी आवाज ऐकून मग नाव घ्यायचं. चाकावर एकटं बसावं, डब्यानं नाव न्यावी, कुणाला काही कळू नये.

"न्हाई," तो म्हणाला. "तशी काय गरज न्हाई."

संध्याकाळी रत्नाबाई भाकरी थापत होती. ताट पुढं सरकवलं तेव्हा म्हणाली, "माझ्या भावाच्या पोटावर पाय दिला तुमी."

"मी कुटं दिला? सायबानं काढलं त्याला."

"सायबानं तुमाला इचारलं. सैपाकघरातली सादना सांगत व्हती. तुमी म्हनला गरज न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी उलथली. "डब्याला वाट म्हाईत आसंल. त्याला तुमचं घर म्हाईत हाय का, सोयरं म्हाईत हायेत का?"

विश्राम मान खाली घालून जेवला.

कोंडिबा उरवड्याला एका कारखान्यात हमालीला लागला. पंचेचाळिशीतला माणूस, तिथं वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर लोखंडी पेट्या उचलायचा. आठ दिवसांनी सुट्टीला यायचा तेव्हा हातापायाची कातडी सोललेली असायची, आणि पाण्यावरच्या माणसाच्या अंगाला येतो तो ओला वास जाऊन ग्रीसचा यायचा. विश्रामशी तो पहिल्यासारखाच बोलायचा. ते विश्रामला जास्त लागायचं. जाताना बांबू त्यानं रत्नाबाईच्या अंगणात नेऊन ठेवला होता. तिनं त्यावर धुणं वाळत घालायला सुरुवात केली.

मग धुकं पडलं. पौष-माघात या पाण्यावर सकाळी धुकं असं बसतं की स्वतःच्या हाताची बोटं मोजावी लागतात. पूर्वी अशा सकाळी नाव दहा वाजेपर्यंत बांधून ठेवायचे आणि शाळेला, दवाखान्याला, कामाला जाणारी माणसं काठावर शेकोटी करून बसायची. या साली विश्रामनं सात वाजता नाव सोडली. बायाबापड्यांनी जीव मुठीत धरला. चाक आपोआप थोडं इकडं, थोडं तिकडं फिरत राहिलं, आणि पंधरा मिनिटांनी पांढऱ्या भिंतीतून रस्त्याकडचा धक्का समोर उभा राहिला, हातभरही चूक नाही.

"इस्राम, तू मानूस हायेस का भूत?" म्हातारा भिकू खाली उतरताना म्हणाला.

ते दिवस विश्रामच्या सुखाचे. धुक्यात सगळेच आंधळे. त्याच्यात आणि भिकूत, त्याच्यात आणि घारीच्या नजरेच्या माणसात फरक उरत नव्हता. तो चाकावर हातसुद्धा ठेवत नसे. अंगाभोवती घोंगडी लपेटून काचेवरची काळी रेघ पाहत बसायचा. ती हाताच्या अंतरावर होती, स्वच्छ दिसायची. वर्षभरात पहिल्यांदा त्याला जगातली एखादी गोष्ट इतकी स्वच्छ दिसत होती. मान आणि खांदे सैल पडायचे, कधी डुलकीही लागायची.

होळी झाली. पाणी उतरू लागलं. वीज करायला रोज पाणी जायचं आणि धामणवाडीच्या धक्क्याच्या पायऱ्या एकामागून एक उघड्या पडायच्या, हिरव्या, बुळबुळीत. चौदावी पायरी उघडी पडली की दीपमाळ पाण्याखाली हातभर उरते, हे गणित गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. दीपमाळ वर आली की धोका संपतो, ती सगळ्यांना दिसते, बाया तिच्यावर जाऊन दिवाही लावतात. धोका असतो तो ती दिसत नाही तेवढ्या आठ-दहा दिवसांचा.

अकरावी पायरी उघडी पडली त्या दिवशी विश्रामनं ठरवलं की आता वळसा घालायचा. डबा बंद केला आणि चाक हातात घेतलं. नावेत कोळवणला खाचरांच्या बांधबंदिस्तीला निघालेल्या पाच बाया होत्या. देवराईच्या अंगानं जायचं तर कडा आणि साग जुळायला हवे होते. ते कुठंच नव्हते. ऊन पाण्यावर पडून डोळ्यांत टोचत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यानं अंदाजानं डावीकडं घेतलं, मग भिऊन उजवीकडं, आणि नाव काठाच्या चिखलात घुसली. इंजिननं घरघर करून काळा गाळ उडवला.

"अवं इस्राम भाऊ, आमाला कोळवणला जायाचंय, म्हशीवानी लोळाय न्हाई," एक म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

त्याला धोतर वर खोचून पोटरीएवढ्या चिखलात उतरावं लागलं. बायांनी साड्या वर धरून नाव ढकलली. त्यांना उशीर झाला आणि मुकादमानं त्यांना अर्ध्याच दिवसाच्या मजुरीवर धरलं, हे त्याला संध्याकाळी परत आणताना कळलं. सकाळच्या हसण्यापेक्षा आताची त्यांची गप्प तोंडं त्याला जड गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं परत डबा सुरू केला.

बाराव्या पायरीला साहेबांचा पुण्याहून फोन आला. "काका, पाडवा झाला. रस्ता बदलायचा का? रविवारी येऊ मी?"

साहेब येणार म्हणजे शेजारी बसणार. मग वळशाचा रस्ता विश्रामनं नजरेनं काढून दाखवायचा.

"अजून हाय पाणी, सायेब. काय घाई न्हाई."

"बघा हं. तुम्ही म्हणाल तेव्हा."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. आपण खोटं बोललो हे त्याला कळत होतं, त्याला अगदी पुरेपूर कळत होतं, यात डब्याला दोष द्यायला कुठं जागा नव्हती. पण डबा इतके दिवस चुकला नव्हता. माणसाचं मन असं की जे आपल्याला हवं तेच खरं धरायला त्याला फार पुरावा लागत नाही. दीपमाळ केवढी? टोकाला तर टोपलीएवढी. एवढ्या मोठ्या पाण्यात नेमकी तीच कशी लागेल? तेरावी पायरी उघडी पडली तरी नाव पार झाली. चौदावी उघडी पडली त्या दिवशीही झाली. लागतच नाही तर कशाला घाबरायचं, असं तो स्वतःला सांगायचा, आणि अर्धं पाणी आलं की मांड्या आवळून बसायचा. एक गोष्ट मात्र तो विसरत होता. डब्याला रस्ता त्यानंच शिकवला होता, आणि शिकवताना तो देवीच्या डोक्यावरून गेला होता, जरासुद्धा बाजूनं नाही. यंत्रानं त्यातला नमस्कार सोडला आणि रस्ता तेवढा घेतला.

रविवारी सकाळी साडेआठला तो रस्त्याकडच्या धक्क्यावर परतीची माणसं घेत होता. रत्नाबाई गिरणीतून दळण घेऊन आली होती, पिठाचे दोन डबे. तिच्याबरोबर शेजारच्या दोन बाया. आणि पौडहून येणाऱ्या एसटीतून कोंडिबा उतरला. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल, चेहरा उतरलेला.

"या दाजींच्या बोटीत बसाया काय तिकीट?" तो म्हणाला, आणि मागच्या बाकावर बसून त्यानं डोळे मिटले. साहेबांनी दिलेली पोहायची जाकिटं बाकाखाली होती. ती कुणी घातली नाहीत. त्यावर बाया पाय ठेवून बसल्या.

विश्रामनं बटण दाबलं. काळी रेघ उमटली, चाक हललं, नाव रेघेला लागली. ऊन समोरून होतं. सगळं पाणी म्हणजे पांढरी आग झाली होती, तिच्याकडं पाहायची सोयच नव्हती. त्यानं काचेवर नजर ठेवली.

अर्धं पाणी संपायच्या आत मागं हालचाल झाली. कोंडिबा उठून उभा राहिला होता. पाण्यावर वाढलेल्या माणसाला झोपेतही पाणी कळतं. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"दाजी, वळसा घेतला न्हाई?"

"बस खाली."

"अवं समोर पानी फुटतंय! दाजी, दीपमाळ!"

विश्रामनं काचेकडं पाहिलं. नाव रेघेच्या मधोमध होती. "रेघंवर हाय," तो म्हणाला. पुढं आयुष्यभर त्याला आठवणार होतं की आपण इंजिनाचा दांडा ओढला नाही, वर पाहिलं नाही, 'रेघंवर हाय' असं म्हणालो.

कोंडिबा बायांच्या अंगावरून उडी टाकून नाळेवर गेला. त्याचा हात सवयीनं बाजूला बांबू शोधायला गेला, तिथं बांबू नव्हता. मग त्यानं नाळेवर बसून उजवा पाय पुढं पाण्यात सोडला, लहान होडीला दगडापासून ढकलतात तसा. पण ही लहान होडी नव्हती.

दणका बसला. विश्रामची छाती चाकावर आदळली. एक बाई बाकावरून खाली आली, पिठाचा डबा उलटला. नाव दगडावर चढली, कलली, कर्र आवाज करून मागं सरकली. आणि मग कोंडिबाचा आवाज आला. तो ओरडला नव्हता, नुसता गुरासारखा लांब सुस्कारा टाकला होता.

रत्नाबाई त्याच्याकडं सरपटत गेली. घोट्याच्या वर पायाचा आकार राहिला नव्हता. फुटलेल्या नाळेतून पाणी आत येत होतं, त्यात पीठ, त्यात रक्त, सगळा गुलाबी राडा. तिनं पदर फाडून पाय आवळला. बाकीच्या बाया रिकाम्या डब्यानं पाणी उपसू लागल्या. चाकावरचा काळा डबा चिवचिव आवाज करत होता आणि चाक स्वतःच फिरून नावेला परत त्याच रेघेवर न्यायला बघत होतं. विश्रामनं वायर उपटली. काच काळी झाली.

आता चाक त्याच्या हातात होतं आणि चारी बाजूंना पांढरी आग.

त्यानं नाव वळवली आणि जोरात सोडली.

"अवं कुटं चाललाय?" रत्नाबाई किंचाळली. "धक्का तिकडं हाय! मागं! दिसत न्हाई का तुमाला?"

विश्राम डोळे बारीक करून आधी एका, मग दुसऱ्या बाजूला मान वळवत होता. रत्नाबाई त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला. त्या जागी जे आलं ते त्याला बघवलं नाही.

खालून, पिठाच्या चिखलातून कोंडिबा बोलला. आवाज बारीक होता पण सरळ. त्यानं कोपरावर रेटून डोकं वर काढलं होतं.

"डावीकडं घ्या दाजी. अजून. अजून घ्या. आता सरळ सोडा." दम घेतला. "सायबाच्या खोल्यांचं लाल कौल आलं. त्याच्या उजव्या अंगानं. थोडं थोडं. हळू करा आता."

नाव धक्क्याला लागली.

साहेबांच्या माळ्यानं जीप काढली. मागच्या बाजूला कोंडिबाला आडवं घातलं, डोकं रत्नाबाईच्या मांडीवर, पाय विश्रामच्या. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला कोंडिबाचे दात वाजायचे. विश्राम दोन्ही हातांनी तो पाय हवेत धरून बसला होता, खांदे भरून आले तरी त्यानं हात खाली केले नाहीत.

"तुला कवापास्नं म्हाईत हाय?" शेवटी त्यानं विचारलं.

"काय?"

"डोळ्याचं."

कोंडिबानं डोळे मिटले. "गेल्या सालच्या शिमग्यापास्नं. तुमी समोरून आलेल्या भिकूला पावनं म्हनला व्हता, त्या दिशी. म्हून तर मी पुडं बसून खुना सांगायचो. तुमाला वाटायचं बडबड करतोय."

"मंग बोलला का न्हाईस? मी तुला काढाय लावलं तवा तरी?"

"काय बोलू? सायबाला सांगून तुमाला घरी बशिवू?" खड्डा आला, त्यानं दात आवळले. "मला वाटलं, डबा हाय तर निभंल."

रत्नाबाईनं भावाच्या कपाळावरचा घाम पुसला.

पौडला दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला, पुण्याला हलवायला सांगितलं. वाचेल, पण पूर्वीसारखा चालणार नाही, म्हणाले. गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात सौरभसाहेब पोचले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. कोंडिबाला पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला, ते खोटं नव्हतं. मग त्यांनी विश्रामला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"काका, हवालदार जबाब घेतील. मी वकिलांशी बोललोय. तुमच्याकडे परवाना आहे, तुम्ही अनुभवी आहात. प्रवासी उभा राहिला, ओरडला, पुढं धावला, तोल गेला, नाव भरकटली. असं सांगा. त्यात खोटं फार नाही. तो उभा राहिला होताच ना?"

"व्हय. राहिला व्हता."

"मग झालं. तुमची नोकरी राहील, माझी नाव राहील. गावाची ने-आण बंद पडणार नाही. कोंडिबाचं मी बघेन काहीतरी."

विश्रामनं आत पाहिलं. कोंडिबाचा पाय पांढऱ्या बोळ्यांत गुंडाळला होता. कारखान्याला लंगडा हमाल नको, हे सांगायला वकील लागत नाही. जबाबात त्याचीच चूक लिहिली गेली तर ना साहेब बांधील, ना दुसरं कुणी, आणि 'काहीतरी' म्हणजे किती, हे खेड्यातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. दुसऱ्या बाजूला विश्रामला आपली चूल दिसत होती. खरं सांगितलं तर ती विझली, एवढं सोपं होतं ते.

दवाखान्याच्या एका लांबलचक खोलीत टेबल टाकून हवालदार बसला होता. जाड माणूस, उकाड्यानं त्रासलेला. शेजारी साहेब उभे राहिले. रत्नाबाई दाराशी उभी होती. हाताला पीठ वाळून पापुद्रे निघाले होते.

"हं, सांगा. प्रवासी उभा राहिला, मग?"

विश्रामनं टोपी काढली. "तो उबा राह्यला म्हून नाव धडकली न्हाई. नाव धडकनार हाय ते त्याला दिसलं म्हून तो उबा राह्यला."

"आणि तुम्हाला नाही दिसलं?"

"न्हाई. मला लांबचं दिसत न्हाई. दीड वरीस झालं. यंतराच्या भरवशावर चालवत व्हतो. पानी उतरलं, रस्ता बदलाय पायजे व्हता, सायेब दोनदा म्हनले. मीच नगं म्हनलो."

साहेब एक पाऊल पुढं आले. "हवालदारसाहेब, काका मेव्हण्याला वाचवायला बोलतायत. चाळीस वर्षं नाव चालवलीय यांनी. दसऱ्याला माझ्यासमोर सगळा तलाव पार केला. दिसत नसतं तर मला कळलं नसतं?"

हवालदारानं कागद चाळले. "परवान्यावर डोळे ठीक म्हणून लिहिलंय."

"ते तीन वर्सांपूर्वीचं."

"हे बघा बाबा, नात्यापायी खोटा जबाब द्यायचा नसतो. तुम्ही आत अडकाल." हवालदारानं पेन टेबलावर आपटलं. मग काहीतरी सुचून तो खुर्चीत मागं रेलला. "बरं. त्या घड्याळात किती वाजले, सांगा."

एक नर्स ट्रे घेऊन चालली होती, ती थांबली.

विश्रामला उत्तर येत होतं. दीड वर्षं तो अशीच उत्तरं देत आला होता. खिडकीतून आत आलेलं ऊन फरशीवर फार पुढं सरकलं नव्हतं, बाहेर अकराच्या कोळवणच्या गाडीचा भोंगा मघाशीच वाजला होता. सव्वाअकरा, फार तर साडेअकरा. तोंडातून निघालं असतं, बरोबर निघालं असतं, आणि साहेब खरे ठरले असते. जीभ तशी वळलीसुद्धा.

त्यानं मान वर केली. समोर पांढरं होतं, बाजूला पांढरं होतं. इतक्या माणसांपुढं लाजेनं त्याचे कान तापले. रत्नाबाई दारातून त्याच्याकडं बघत असेल हे त्याला न बघता कळत होतं.

"सायेब," तो म्हणाला, "घड्याळ कंच्या भिंतीवर हाय?"

हवालदारानं लिहिलेला कागद चुरगाळून बाजूला टाकला, दुसरा कोरा घेतला आणि वर तारीख घातली.